वीर्यतपासणीचा रिपोर्ट बिघडलेला आला, आता पुढे काय? ठाणे–नवी मुंबईकर जोडप्यांसाठी मार्गदर्शक

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, दिवस राहत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी नवऱ्याची वीर्यतपासणी लिहून दिली. संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ आली. निम्मे आकडे ठळक अक्षरांत, आणि तळाशी ‘ऑलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया’ असा एक लांबलचक शब्द. त्या रात्री नवरा-बायको दोघंही झोपत नाहीत. मी ठाण्यातच या सगळ्यातून गेलो आहे. तेव्हा मला जे कुणीतरी ओळीने सांगायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. रिपोर्ट पुरुषाचा बिघडला असेल तर आधी पुरुषाची अंगाला हात लावून तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे बहुतेक वेळा तसं घडत नाही. रिपोर्ट नवऱ्याचा खराब येतो आणि दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं बायकोला सुरू होतात. नवऱ्याच्या हातात गोळ्यांची एक पट्टी पडते, त्याला कुणी तपासतही नाही. असं होऊ देऊ नका.

आमच्या घरी शेवटी काय झालं ते मी इथे लिहीत नाही. तुमचं कारण वेगळं असेल, तुमच्या पत्नीचं वय वेगळं असेल, आणि आमच्या अनुभवावरून तुम्ही तुमचा अंदाज बांधावा असं मला वाटत नाही.

१. किती थांबायचं, कुणाची तपासणी आधी

कोणतंही साधन न वापरता नियमित संबंध ठेवूनही वर्षभरात गर्भ राहिला नाही तर दोघांची तपासणी सुरू करायची. पत्नीचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. दोघांची म्हणजे एकाच वेळी दोघांची. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, एकट्याचं किंवा पत्नीच्या कारणासोबत. तरीही तिची सोनोग्राफी होते, रक्त होतं, नळ्या तपासण्याचा दुखरा एचएसजी एक्स-रे होतो आणि त्यानंतर कधीतरी याच्या तपासणीचा विषय निघतो. वीर्यतपासणीत सुई नाही, भूल नाही आणि खर्चही तिच्या तपासण्यांपेक्षा कमी. ती पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या.

काही पुरुषांनी वर्षभरही थांबू नये: लहानपणी अंडकोष खाली उतरले नव्हते म्हणून ऑपरेशन झालेले, वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजलेले, कर्करोगाची केमो किंवा रेडिएशन घेतलेले, हर्नियाचं ऑपरेशन झालेले, आणि जिममध्ये इंजेक्शनं घेतलेले.

२. सॅम्पल नीट द्या, नाहीतर रिपोर्टला अर्थ उरत नाही

बिघडलेल्या रिपोर्टांपैकी काही मुळात सॅम्पल चुकीचं दिल्यामुळे बिघडलेले असतात. म्हणून हे सावकाश वाचा.

सॅम्पलच्या आधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. ‘जास्त दिवस थांबलं तर काउंट वाढेल’ म्हणून पंधरा दिवस थांबू नका. संख्या वाढलेली दिसते, पण हालचाल मंदावते. दोनदा तपासणी करणार असाल तर दोन्ही वेळा साधारण तेवढेच दिवस ठेवा, म्हणजे तुलना करता येईल.

गेल्या तीन महिन्यांत जोराचा ताप आला होता का ते आठवा. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू-मलेरिया घरोघरी असतो. तापाचा परिणाम वीर्यावर पुढचे दोन-तीन महिने दिसू शकतो. तसं झालं असेल तर लॅबच्या फॉर्मवर लिहा आणि डॉक्टरांनाही सांगा.

डबीत वीर्य पूर्ण जायला हवं. सगळ्यात जास्त शुक्राणू पहिल्या भागात असतात. तोच सांडला तर आकडे खोटे येतात. सांडलं तर लाजू नका, सांगा आणि निदान दोन दिवसांनंतरची नवी वेळ घ्या. थुंकी, तेल, साबण, क्रीम काहीही वापरू नका आणि बाजारातल्या नेहमीच्या कंडोममध्ये सॅम्पल घेऊ नका.

आता जागेचा प्रश्न. सॅम्पल लॅबच्या खोलीतच देणं सगळ्यात चांगलं. घरून न्यायचं असेल तर तासाभराच्या आत लॅबच्या हातात पडलं पाहिजे, अर्ध्या तासात पोचलं तर फारच उत्तम. आता हा हिशेब आपल्या रस्त्यांवर मांडून बघा. सकाळी ऑफिसच्या वेळी कासारवडवलीहून घोडबंदर रोडने नौपाड्याला निघालात तर कापूरबावडी-माजिवड्यालाच तुमचा तास संपू शकतो. कळंबोलीहून सायन-पनवेल मार्गाने वाशीला जाणाऱ्यांचीही तीच गत. म्हणून घरून द्यायचं असेल तर घराजवळची लॅब शोधा. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. गाडीच्या एसीसमोर किंवा डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, फ्रिजमध्ये तर मुळीच नाही.

इथे एक सापळा आहे. रक्त न्यायला घरी येणारा मुलगा ‘सर, हेपण घेऊन जातो’ म्हणतो. त्याच्या पिशवीत आणखी दहा घरांचे नमुने असतात आणि ते सगळे भलत्याच ठिकाणच्या मुख्य लॅबला जातात. रक्ताला ते चालतं, वीर्याला चालत नाही.

लॅब ठरवण्याआधी फोनवर एवढं विचारून घ्या:

- सॅम्पल इथेच तपासता की बाहेर पाठवता?
- सॅम्पल देण्यासाठी वेगळी खोली आहे का, पत्नीला सोबत येता येईल का?
- सॅम्पल कोणत्या वेळात घेता?
- रिपोर्ट डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे देता, २०१० की २०२१?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पटकन आलं तर लॅब हे काम रोज करते असं समजा. आययूआय (तयार केलेलं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) आणि आयव्हीएफ (बीज आणि शुक्राणू लॅबमध्ये एकत्र आणणं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी) करणाऱ्या केंद्राच्या स्वतःच्या लॅबमध्ये ही तपासणी सहसा जास्त काळजीपूर्वक होते.

अनोळखी खोलीत, बाहेर माणसं बसलेली असताना सॅम्पल देता येत नाही, असं पुष्कळांचं होतं. तसं झालं तर सरळ काउंटरवर सांगा. वीर्यासाठी सुरक्षित असा खास कंडोम मिळतो, तो वापरून घरी संबंधातून सॅम्पल घेता येतं.

३. रिपोर्ट ओळीने वाचा

डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा आहेत:

- वीर्याचं प्रमाण: १.४ मिली
- दर मिलीमधले शुक्राणू: १६ मिलियन, म्हणजे १ कोटी ६० लाख
- पूर्ण सॅम्पलमधले एकूण शुक्राणू: ३९ मिलियन, म्हणजे ३ कोटी ९० लाख
- एकूण हालचाल: ४२%
- पुढे सरकणारे, म्हणजे प्रोग्रेसिव्ह: ३०%
- जिवंत: ५४%
- नॉर्मल आकाराचे: ४%

२०१० च्या आवृत्तीत यातले काही आकडे थोडे वेगळे होते: प्रमाण १.५ मिली, संख्या १५ मिलियन, एकूण हालचाल ४०%, प्रोग्रेसिव्ह ३२%. अजूनही काही लॅब तेच छापतात. त्यामुळे दोन लॅबच्या रिपोर्टांत एकच आकडा एकीकडे ठळक आणि दुसरीकडे साधा दिसला तर घाबरू नका.

हे आकडे आले कुठून, ते कळलं की निम्मी भीती जाते. ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत दिवस गेले अशा साडेतीन हजारांहून अधिक पुरुषांचं वीर्य तपासलं, त्यांना कमीकडून जास्तीकडे रांगेत लावलं आणि खालून पाचव्या टक्क्यावर रेघ ओढली. म्हणजे बाप झालेल्या त्या पुरुषांतलेही ५% जण प्रत्येक रेघेच्या खाली होतेच. रेघेखाली गेलात म्हणजे मूल होणार नाही असं नाही, आणि रेघेवर आहात म्हणजे होईलच असंही नाही. रिपोर्ट फक्त शक्यता कमी-जास्त असल्याचं सांगतो.

आता एकेक ओळ.

दर मिलीच्या संख्येवर अडकू नका, एकूण संख्या बघा. एकाला मिलीमागे १२ मिलियन आहेत, पण प्रमाण ४ मिली: एकूण ४८ मिलियन. दुसऱ्याला मिलीमागे ३० मिलियन, पण प्रमाण १ मिली: एकूण ३०. पहिल्याचा रिपोर्ट ‘कमी’ म्हणून ठळक छापला जातो आणि प्रत्यक्षात त्याच्याकडे जास्त आहेत.

याहून उपयोगी आकडा बऱ्याच रिपोर्टांत छापलेलाच नसतो. तो घरी काढा: प्रमाण गुणिले मिलीमागची संख्या गुणिले हालचालीची टक्केवारी. उदाहरणार्थ २.५ मिली, २० मिलियन, हालचाल ४०%: झाले २० मिलियन हलणारे शुक्राणू. आययूआय करून बघण्यात अर्थ आहे की सरळ इक्सीकडे (लॅबमध्ये बीजात शुक्राणू सुईने सोडण्याकडे) जायचं, हे ठरवताना डॉक्टर हाच हिशेब मांडतात.

आकाराच्या ओळीने सगळ्यात जास्त माणसं खचतात. ‘नॉर्मल ३%, ॲबनॉर्मल ९७%’ असं छापलेलं असतं. पण इथे मर्यादाच ४% आहे. तपासण्याचा निकष इतका कडक आहे की मुलं असलेल्या पुरुषांचेही बहुतेक शुक्राणू त्यात ‘ॲबनॉर्मल’ ठरतात. बाळात व्यंग येण्याशी या टक्केवारीचा संबंध जोडू नका. फक्त आकार कमी आणि बाकी सगळं ठीक, अशा रिपोर्टवर कुणी तातडीने आयव्हीएफ सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

लांब शब्दांची फोड अशी: ऑलिगो म्हणजे संख्या कमी, अस्थेनो म्हणजे हालचाल कमी, टेराटो म्हणजे आकार बिघडलेला. तिन्ही एकत्र आले की तो सुरुवातीचा मोठा शब्द होतो. हे रोगाचं नाव नाही. ताप आल्यावर कुणी ‘ताप आहे’ म्हणावं तसं ते नुसतं वर्णन आहे, कारण अजून शोधायचंच आहे.

‘ॲझूस्पर्मिया’ किंवा ‘निल’ म्हणजे एकही शुक्राणू दिसला नाही. असं लिहून आलं तर लॅबला पहिला प्रश्न हा विचारा: सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाला बसलेला भाग तपासला होता का? कधी कधी त्यात मोजके शुक्राणू सापडतात आणि पुढची सगळी वाट बदलते. शून्याच्या जोडीला प्रमाणही १.४ मिलीच्या खाली, पीएच ७.२ पेक्षा कमी आणि फ्रुक्टोज (वीर्यातली साखर) निगेटिव्ह असेल तर वाहिनी बंद असण्याची किंवा जन्मतःच शुक्रवाहिन्या नसण्याची शंका येते. म्हणजे अंडकोषात शुक्राणू तयार होत असतील, पण बाहेर येत नसतील. मधुमेह जुना आहे आणि वीर्य अगदी थोडं येतं किंवा येतच नाही, तर ते मूत्राशयात उलटं जात असू शकतं. त्यासाठी वीर्यपतनानंतरची लघवी तपासतात.

‘पस सेल्स’ हा आणखी एक सापळा. सूक्ष्मदर्शकाखाली गोल दिसणारी प्रत्येक पेशी पू नसते, ते अपरिपक्व शुक्राणूही असू शकतात. पेरॉक्सिडेज तपासणीत पांढऱ्या पेशी मिलीमागे १ मिलियनहून अधिक निघाल्या तर ती गोष्ट लक्ष देण्यासारखी. त्याशिवाय, काहीही त्रास नसताना, महिनोन्‌महिने अँटिबायोटिकचे कोर्स घेत राहू नका.

४. एका रिपोर्टवर काहीही ठरवू नका

एकाच माणसाचे आकडे आठवड्याभरातही खूप खालीवर होतात. दुसरी तपासणी हवीच. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढे बाहेर येईपर्यंत आणखी काही, म्हणून थोडाफार बिघाड असेल तर साधारण तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. शून्य किंवा अगदीच कमी आले असतील तर तीन महिने घालवू नका. दोन-चार आठवड्यांत पुन्हा तपासा आणि त्याच दरम्यान डॉक्टरांची वेळ घ्या.

५. योग्य डॉक्टर गाठा आणि तपासून घ्या

पुरुषाच्या वंध्यत्वासाठी डॉक्टर म्हणजे युरॉलॉजिस्ट, त्यातही अँड्रॉलॉजीचं, म्हणजे पुरुषांच्या प्रजननाचं काम करणारा. पाटीवर एमसीएच किंवा डीएनबी युरॉलॉजी बघा आणि फोनवर विचारा, ‘पुरुषांच्या वंध्यत्वाच्या केसेस बघता का?’ काही युरॉलॉजिस्ट मुख्यतः मुतखडा आणि प्रोस्टेटचंच काम करतात. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाच चिठ्ठी मागा, तो सगळ्यात सोपा मार्ग. स्टेशनबाहेरच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, शीघ्रपतन, नि:संतान’ असं रंगवलेले नंबर असतात, त्यांना फोन करू नका. तिथे तुमचे पैसे जातील, पण त्याहून वाईट म्हणजे पत्नीच्या वयाची वर्षं जातील.

सरकारी-पालिकेच्या वाटेने जायचं तर ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईकरांना वाशीचं पालिका रुग्णालय सुरुवातीच्या ओपीडीसाठी जवळ. तिथून पुढे पाठवलं तर मध्य रेल्वेवर सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचं केईएम, दोन्हीकडे युरॉलॉजीचा विभाग आहे. १९८६ मध्ये मुंबईची टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली ती याच केईएममध्ये. परळलाच प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्थाही आहे. निघण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या, म्हणजे सुट्टी वाया जाणार नाही.

तपासणीत काय होतं ते आधी माहीत असलं की संकोच कमी होतो. डॉक्टर उभं राहायला सांगतात. अंडकोष हातात घेऊन आकार आणि घट्टपणा बघतात. काही जण ठरावीक मापांच्या मण्यांच्या माळेशी ताडून बघतात. दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या बोटांना लागतात का ते चाचपतात. मग श्वास रोखून जोर द्यायला सांगतात आणि वरच्या शिरा फुगतात का ते बघतात. त्या फुगलेल्या शिरांना व्हेरिकोसील म्हणतात. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं, दुखत नाही. माझं व्हेरिकोसील सोनोग्राफीच्या आधी डॉक्टरांच्या हाताला लागलं होतं. ज्या सल्लागारांनी त्याआधी माझी फाईल बघून उपचार सुचवले होते, त्यांनी मला तपासलं नव्हतं.

या तपासणीचं आणखी एक कारण आहे. वीर्य बिघडलेल्या पुरुषांत अंडकोषाच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. तरीही तो विरळाच आहे, पण लवकर सापडला तर बरा होतो. गाठ हाताला लागते, पीडीएफमध्ये दिसत नाही.

त्यानंतर रक्ताच्या तपासण्या: एफएसएच आणि एलएच (मेंदूकडून अंडकोषांना संदेश नेणारे हार्मोन), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि गरजेप्रमाणे प्रोलॅक्टिन, थायरॉईड, साखर. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी, शक्यतो दहाच्या आत द्या, कारण दिवस चढेल तसं ते उतरतं. शुक्राणूंची संख्या मिलीमागे ५ मिलियनच्या खाली किंवा शून्य असेल तर डॉक्टर कॅरियोटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्राचे बारीक तुकडे गळालेले आहेत का याची तपासणी सांगू शकतात. ती महाग वाटली तरी टाळू नका. वाय गुणसूत्राचा एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गळालेला असेल तर शस्त्रक्रिया करून शुक्राणू सापडत नाहीत, आणि ते आधी कळलं तर एक वायफळ ऑपरेशन वाचतं. एझेडएफसी गळालेला असेल तर शुक्राणू सापडू शकतात, पण तोच दोष मुलग्यात उतरतो. हे जोडप्याला आधी माहीत असायला हवं.

६. आपल्या हातात काय आहे

सगळ्यात आधी टेस्टोस्टेरॉन. जिममधल्या ट्रेनरने दिलेलं इंजेक्शन असो, ‘थकवा जाईल’ म्हणून कुणी लिहून दिलेलं असो, मूल हवं असताना बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेऊ नका. बाहेरून मिळायला लागलं की मेंदूकडून अंडकोषांना जाणारे एफएसएच-एलएचचे संदेश थांबतात आणि शुक्राणू तयार होणं बंद पडतं. डब्ल्यूएचओने १९९० च्या सुमारास हीच इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिली होती. बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण काही महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांना हे कळलं नाही तर सगळ्या तपासण्यांचा अर्थ चुकीचा लागेल.

उष्णता खरंच नडते. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे-तुर्भ्याच्या कारखान्यांत भट्टीसमोर उभे राहणारे, दिवसभर गाडी चालवणारे, मांडीवर लॅपटॉप घेणारे: कामाचं स्वरूप डॉक्टरांना सांगा. रंग, सॉल्व्हंट, कीटकनाशकं हाताळत असाल तर तेही. नोकरी सोडता येत नाही हे मला कळतं. मध्ये उठता येतं, मास्क-हातमोजे वापरता येतात, कधी विभाग बदलून मागता येतो.

विडी-सिगारेट, तंबाखू, गुटखा आणि रोजची दारू बंद. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे खाणाऱ्याला माहीत असतं. वजन उतरवा, साखर ताब्यात ठेवा. चालू गोळ्यांची यादी दाखवा: केसांसाठीचं फिनास्टेराइड, आतड्याच्या किंवा संधिवाताच्या आजारासाठीचं सल्फासॅलाझिन, प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिन, यांचा वीर्याशी संबंध येतो. मनाने मात्र काही बंद करू नका.

ताकदीच्या गोळ्यांबद्दल. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक जोडप्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले: नवऱ्यांनी सहा महिने झिंक आणि फॉलिक ॲसिड घेतलं, पण मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. डॉक्टरांनी एखादी अँटिऑक्सिडंट पट्टी दिली तर घ्या, पण तिच्या भरवशावर वर्ष घालवू नका. अनोळखी भस्मं आणि चूर्णं टाळा. काहींत जड धातू निघाले आहेत.

आणि संबंध दर दोन-तीन दिवसांनी ठेवा. ‘त्या एका दिवसासाठी’ साठवून ठेवल्याने उपयोग होत नाही, उलट त्या दिवशीचा ताण दोघांनाही सोसत नाही.

७. कारण सापडल्यावर वाटा कुठे फुटतात

व्हेरिकोसील: साधारण १५% पुरुषांत असतं, बहुतेक डाव्या बाजूला, आणि त्यांतल्या अनेकांना मुलं होतात. म्हणून नियम असा: हाताला लागत असेल आणि वीर्यही बिघडलेलं असेल तरच ऑपरेशनचा विचार. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या व्हेरिकोसीलसाठी ऑपरेशन करून फायदा होत नाही. मायक्रोसर्जरी करणारा सर्जन शोधा. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे पत्नी अठ्ठावीस वर्षांची असताना जो निर्णय बरोबर, तो ती अडतीस वर्षांची असताना बरोबर असेलच असं नाही.

हार्मोनची कमतरता: एफएसएच, एलएच आणि टेस्टोस्टेरॉन तिन्ही कमी असतील तर बिघाड मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या बाजूला असतो. असे रुग्ण थोडे, पण एचसीजी आणि एफएसएचच्या इंजेक्शनांनी त्यांना चांगला गुण येतो. धीर हवा, महिने लागतात.

वाहिनी बंद: नसबंदी किंवा जंतुसंसर्गानंतर वाहिनी पुन्हा जोडता येते का ते बघतात. नाहीतर सुईने शुक्राणू काढून इक्सी करतात. इक्सी म्हणजे एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडणं. त्यातून पहिलं बाळ १९९२ मध्ये जन्मलं आणि तेव्हापासून अगदी थोडे शुक्राणू असलेल्या पुरुषांनाही स्वतःचं मूल होण्याची वाट उघडली.

निर्मितीच कमी: अंडकोष लहान, एफएसएच वाढलेलं, रिपोर्ट शून्य. इथे मायक्रो-टेसे नावाचं ऑपरेशन असतं, सूक्ष्मदर्शकाखाली अंडकोषातून शुक्राणू शोधतात. अनुभवी हातांतही साधारण निम्म्या वेळा सापडतात. आधीच विचारा: सापडले तर गोठवून ठेवण्याची सोय इथे आहे का? आणि नाही सापडले तर पुढे काय, हे दोघांनी त्या दिवसाच्या आधी बोलून ठेवा. दात्याचं वीर्य, दत्तक, किंवा दोघंच राहणं, यांतला कुठलाही निर्णय ऑपरेशनच्या संध्याकाळी घेऊ नका.

सौम्य बिघाड असेल आणि पत्नीच्या नळ्या मोकळ्या असतील तर आययूआय करून बघता येतं.

८. केंद्र निवडताना

२०२१ च्या सहायक जननतंत्रज्ञान कायद्याप्रमाणे आययूआय किंवा आयव्हीएफ करणारं प्रत्येक केंद्र नोंदणीकृत असावं लागतं. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसत नसेल तर मागा. उपचारासाठी स्त्रीचं वय ५० च्या आत आणि पुरुषाचं ५५ च्या आत असावं लागतं. दात्याचं वीर्य फक्त नोंदणीकृत बँकेतूनच येतं. ‘ओळखीतला कुणी’ चालत नाही. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यात इंजेक्शनं, भूल, गोठवण, दरवर्षीचं साठवणभाडं हे वेगळं लिहून मागा. आरोग्यविम्यात वंध्यत्वाचे उपचार बहुधा वगळलेले असतात, पॉलिसीतलं ते कलम आधी वाचा. आणि पहिला प्रश्न तोच: ‘नवऱ्याची तपासणी कोण करणार?’

९. घरात

हळदीकुंकवाला, बारशाला, गणपतीत, प्रश्न तिलाच विचारले जातात. रिपोर्ट तुमचा असेल तर निदान तुमच्या आईला तुम्ही स्वतः सांगा: ‘आई, तपासणी माझी चालू आहे, तिला काही विचारू नका.’ एवढं वाक्य पुरतं. बाकी नातेवाइकांना तपशील द्यायची गरज नाही. शुक्राणूंची संख्या आणि पुरुषाची लैंगिक ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्ट शून्य असलेल्या बहुतेक पुरुषांचे संबंध अगदी व्यवस्थित असतात. रिपोर्टनंतर मन खचलं असेल, झोप लागत नसेल, संबंधांची भीती वाटत असेल, तर तेही त्याच डॉक्टरांना सांगा. आणि ओपीडीत दोघं मिळून जा, दोघांनी ऐका.

१०. फाईल

- दोघांची आधार कार्डं, लग्नाचा दाखला, त्यांच्या प्रती
- वीर्यतपासणीचे सगळे रिपोर्ट, मूळ आणि छापील. मोबाईलवरच्या पीडीएफ ओपीडीत उघडत नाहीत
- हार्मोन, साखर, थायरॉईड, एचआयव्ही, हिपॅटायटिसचे रिपोर्ट
- सोनोग्राफी आणि डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), फिल्मसकट
- जुन्या ऑपरेशनांची डिस्चार्ज कार्डं, लहानपणचीही; गावी आईकडे विचारा
- चालू औषधं आणि घेतलेल्या इंजेक्शनांची यादी
- पत्नीच्या पाळीच्या तारखा, एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी), नळ्यांचा रिपोर्ट

फाईलच्या पहिल्या पानावर हाताने एक तक्ता आखा: तारीख, किती दिवसांच्या खंडाने सॅम्पल दिलं, प्रमाण, संख्या, हालचाल, आधीच्या तीन महिन्यांत ताप होता का. प्रत्येक रिपोर्टची एक ओळ. डॉक्टर आधी तेच पान बघतात, आणि दहा मिनिटांच्या भेटीतली पाच मिनिटं कागद चाळण्यात जात नाहीत.